दीड लाखाचा मॉनिटर, पण चेहरा धूसर!

दीड लाखाहून जास्त पैसे मोजून मॉनिटर घेतला आणि पहिल्याच व्हिडिओ कॉलवर समोरचा म्हणाला, 'अरे, कॅमेरा पूस ना जरा!' तर कसं वाटेल तुम्हाला? मार्च २०२२ मध्ये ॲपलचा स्टुडिओ डिस्प्ले आला, तेव्हा पहिल्या ग्राहकांचं साधारण असंच झालं.

२७ इंच, ५के रिझोल्युशन, भारतात किंमत तेव्हा १,५९,९०० रुपयांपासून होती. स्क्रीन झकास, अक्षरं छापल्यासारखी. बोंब होती ती वेबकॅमची. १२ मेगापिक्सेलचा हा अल्ट्रा-वाइड कॅमेरा तुम्हाला मधोमध ठेवण्यासाठी चित्र कापून मोठं करतो. त्यात बारकावे उडतात, चेहरा फिका पडतो. कंपनीने अपडेट दिलं, थोडा फरक पडला. पण अपडेटने लेन्स थोडीच बदलते?

स्टँडची तर वेगळीच गंमत. साधा स्टँड कलतो, पण वर-खाली होत नाही. उंची बदलणारा हवा तर तेव्हा अमेरिकेत ४०० डॉलर जादा मोजावे लागायचे, आणि तेही खरेदी करतानाच ठरवायचं. म्हणजे खाली जाडजूड पुस्तकं रचायचा आपला हॉस्टेलवाला जुगाड इथेही!

आत आयफोन ११ मधली ए१३ चिप आहे. तरी काहींच्या स्पीकरचा आवाज मध्येच अडखळायचा. पॉवरचं बटणच नाही, त्यामुळे प्लग उपटून पुन्हा लावायचा, हा उपाय. पुढे अपडेटने ते सुधारलं.

एडिटिंग, डिझाइन करणाऱ्यांनी दुकानात जाऊन स्क्रीन जरूर बघा. गेमर्स, तुम्ही मात्र राहू द्या. रिफ्रेश रेट ६० हर्ट्झच आहे आणि एचडीएमआय पोर्टही नाही.