आपलाच क्लास का कापला?

सकाळी उठून गेम उघडावा आणि कळावं, की रात्रीत आपल्या कॅरेक्टरचा हुकमी एक्काच काढून घेतलाय. झालंय ना तुमच्याबरोबर? कॅनडातल्या एका शाळकरी पोराबरोबरही झालं होतं. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये तो वॉरलॉक खेळायचा. कंपनीने त्याच्या लाडक्या 'सायफन लाइफ' या स्पेलमधलं डॅमेजच काढून टाकलं आणि पठ्ठ्या रडत रडत झोपला. हा विटालिक ब्युटेरिन. पुढे 'इथेरियम'ची कल्पना मांडणारा तोच. सगळा कारभार एकाच्याच हातात असला की काय होतं, हे तेव्हा उमगलं, असं त्यानेच स्वतःबद्दल लिहून ठेवलंय. थोडी गंमत असेल त्यात. पण शेकडो तास घालून वाढवलेलं कॅरेक्टर एका अपडेटमध्ये लुळं पडलं की काय वाटतं, ते वेगळं सांगायला नको.

मग कंपन्या अशी कात्री लावतातच का? गल्ली क्रिकेट आठवा. भिंतीपलीकडे मारला की आऊट, हा नियम कुणामुळे आला? त्या एका दांडगटामुळे! आणि लिंबूटिंबूला दोनदा आऊट व्हायची सूट. कुणी कुरकुरत नाही, कारण नाहीतर बाकीचे घरी निघून जातील.

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये मामला जास्त गुंतागुंतीचा. एक मार खाणारा टँक, एक जखमा भरणारा हीलर, बाकीचे डॅमेजवाले. हीलिंग आणि डॅमेज एका तराजूत तोलणार कसं? त्यामुळे 'सगळे सारखे आहेत का' हा प्रश्नच चुकीचा. खरा प्रश्न असतो, 'मला ग्रुपमध्ये कुणी घेईल का?'

2004 साली 'वॉरक्राफ्ट' नऊ क्लास घेऊन आला. मोठ्या रेडमध्ये 40 जण एकत्र लढायचे. पण बॉसवर एका वेळी फक्त 16 डिबफ टिकायचे. सतरावा लावला की आधीचा एक उडाला. आता वॉरलॉकचं किंवा शॅडो प्रीस्टचं डॅमेज म्हणजे हळूहळू भिनणारं विष, म्हणजेच डिबफ. साहजिकच त्यांना सांगितलं जायचं, 'तुझे स्पेल आवर, जागा नाहीये.' कागदावर त्यांचे आकडे ठीकच होते हो! आडवा आला तो भलताच नियम. पॅलाडिनची गोष्ट तर आणखी मजेशीर. भली थोरली तलवार घेऊन यायचं आणि रेडमध्ये मागे उभं राहून इतरांच्या जखमा भरायच्या.

दुसरी गोची म्हणजे एकच स्पेल दोन ठिकाणी चालतो. माणसांविरुद्धच्या लढाईत तो जड झाला म्हणून कापला, की बॉसशी लढणाऱ्यांचं विनाकारण नुकसान. 'गिल्ड वॉर्स'ने यावर काही स्किलच्या दोन वेगळ्या आवृत्त्या केल्या. उपाय चांगला, पण लक्षात ठेवायचं ओझं दुप्पट.

आणि सगळं अगदी समसमान केलं तर? सुरुवातीला 'वॉरक्राफ्ट'मध्ये पॅलाडिन फक्त अलायन्सकडे आणि शामन फक्त होर्डकडे. 'त्यांच्याकडे आहे, आमच्याकडे नाही' ही भांडणं ठरलेलीच. 2007 च्या 'द बर्निंग क्रुसेड'मध्ये दोन्ही क्लास दोघांनाही मिळाले. तोल सोपा झाला, पण समोरून पॅलाडिन येताना दिसला की 'हा अलायन्सचाच' असं ओळखण्यातली मजा गेली. माझं मत विचाराल तर थोडा अन्याय परवडला, पण सगळ्यांच्या हातात एकच बॅट नको.

'कंपनीने हात लावूच नये' म्हणणाऱ्यांसाठी 2019 चं 'क्लासिक' आहेच. जुना 'वॉरक्राफ्ट' क्लासच्या जुन्याच ताकदीसह परत आला. पण मधल्या पंधरा वर्षांत खेळाडू हिशेबात तरबेज झाले होते. वॉरियरचं डॅमेज सगळ्यात भारी, हे सगळ्यांना पाठ. रेड वॉरियरनी भरून गेले. कंपनीची कात्री नव्हती, तर खेळाडूंनीच निवड करून टाकली. आणि हौसेने तलवार घेऊन आलेल्या पॅलाडिनला पुन्हा तोच प्रश्न, 'हील करतोस का? मग ये.'