परमुलखातला सातबारा

आमच्या कोकणात कुणी एक गुंठा जमीन घ्यायची म्हटली तरी महिनाभर घरात तोच विषय असतो. सातबारा काढतात, फेरफार बघतात, चतुःसीमा चालून येतात. ‘सामाईकात किती नावं आहेत रे?’ असं घरातली म्हातारी हटकून विचारते. पण तीच माणसं आखातात नोकरीला गेली की दोन खोल्यांचा फ्लॅट एका दुपारी घेऊन मोकळी होतात. परदेशात घर घेताना कायद्याचा सल्ला का आणि कसा घ्यावा, याबद्दल आज थोडं बोलायचं आहे.

माझा भाचा दुबईत स्टोअरकीपर होता. २००८ च्या सुरुवातीला त्याने तिथे बांधकाम व्हायच्या इमारतीत फ्लॅट घेतला. दलालाने इमारतीची प्रतिकृती दाखवली, चहा पाजला, सही घेतली. बारा वर्षांची बचत त्यात गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस मंदी आली आणि काम पायाच्या खड्ड्यातच थांबलं. भाच्याने पुढच्या तारखांचे चेक लिहून दिले होते. चेक न वटणं हा तेव्हा तिथे फौजदारी गुन्हा होता. म्हणून खड्ड्यात पाणी साचलेलं दिसत असतानाही तो हप्ते भरत राहिला.

‘मामू, तुम्ही शिकलेले. जरा बघा,’ असं म्हणून त्याने करारनामा माझ्याकडे पाठवला. मी बी.ए. झालेला, त्यातून कवी. कवितेत एका शब्दाचे दोन अर्थ निघाले तर आम्ही खूश होतो. करारात तसं झालं तर घर जातं. इंग्रजी आणि अरबी अशा दोन रकान्यांतला तो मजकूर मला उलगडला नाही. अशा कागदांत पुष्कळदा ‘मतभेद झाल्यास अरबी मजकूर ग्राह्य’ अशी ओळ असते, हेही मला नंतर कळलं.

शेवटी तिथल्या एका वकिलाला गाठलं. त्याने तीनच प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न : जागा कोणत्या भागात आहे? दुबईत २००६ च्या ७ क्रमांकाच्या कायद्याप्रमाणे परदेशी माणसाला ठरवून दिलेल्या भागांतच घर घेता येतं. तिथेही पूर्ण मालकी मिळते की ९९ वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा, हे पाहावं लागतं.

दुसरा प्रश्न : पैसे कुठल्या खात्यात भरले? बांधकाम व्हायच्या घराचे पैसे त्या प्रकल्पाच्या राखीव खात्यात, म्हणजे एस्क्रो खात्यात जमा झाले पाहिजेत, असा कायदा २००७ मध्येच झाला होता. भाच्याचे चेक थेट बिल्डरच्या नावावर होते.

तिसरा प्रश्न : नोंद झाली का? २००८ च्या १३ क्रमांकाच्या कायद्याने अशा घरांची तात्पुरत्या नोंदवहीत नोंद सक्तीची केली. नोंद नाही तर व्यवहार नाही. तिथला सातबारा म्हणावा तो हाच!

वकिलाची फी एका हप्त्याहूनही कमी होती. हे प्रश्न सहीच्या आदल्या दिवशी विचारले गेले असते तर? भाच्याचं रक्षण करणारा कायदा होता. त्याची माहिती देणारा माणूस मात्र जवळ नव्हता.

म्हणून वकील आपला हवा. दलालाने किंवा बिल्डरने सुचवलेला नको. त्याच्याकडे त्या देशाचा परवाना हवा, आणि टोकन देण्याआधी कागद त्याच्या हातात पडायला हवेत. मालकाच्या पश्चात घर कुणाला मिळेल, हेही त्याला विचारावं. तिथे वारशाचे नियम मुस्लिमांना वेगळे, इतरांना वेगळे आहेत. इतरांसाठी २०१५ पासून दुबईत मृत्युपत्र नोंदवण्याची खास सोय आहे.

दुसरा सल्ला इथल्या चार्टर्ड अकाउंटंटचा घ्यावा. भारतात राहणाऱ्याला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, तीही बँकेमार्फतच. करकायद्याने तुम्ही इथले सामान्य रहिवासी ठरत असाल, तर परदेशातलं घर विवरणपत्रात दाखवावं लागतं. ते लपवलं तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाख रुपये दंड होऊ शकतो.

भाच्याला तडजोडीत निम्म्याहून कमी पैसे मिळाले. गावचं घर बांधायचं राहिलं ते राहिलंच. अलीकडे त्याच्या धाकट्या भावाने तिथेच फ्लॅट पाहिला. या वेळी कागद आधी वकिलाकडे गेले. वकील म्हणाला, ‘हा घेऊ नका.’ धाकटा थोडा हिरमुसला. पण पैसे अजून त्याच्याच खात्यात आहेत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)