सरासरी तीन फूट

नदीची सरासरी खोली तीन फूट असल्याची दप्तरातील नोंद पाहून एक संख्याशास्त्रज्ञ निःशंकपणे पाण्यात उतरला आणि बुडाला, हा महाविद्यालयीन अध्यापकवर्गात जगभर सांगितला जाणारा जुना विनोद गोदाकाठच्या नांदेडात विशेष शोभतो. आणि पाठ्यपुस्तकातील कित्येक व्याख्यांपेक्षा तो अधिक शिकवितो, असे माझे स्पष्ट मत आहे.

तो फळ्यावर मांडून पाहावा. पाच ठिकाणची खोली १, १, १, १ आणि ११ फूट धरली, तर बेरीज १५ व सरासरी ३ येते; मध्यगा काढावी तर ती केवळ १, म्हणजे अधिकच फसवी; परंतु प्रत्येक आकड्याचे सरासरीपासूनचे अंतर घेऊन, त्याचा वर्ग करून, त्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ काढले, की प्रमाण विचलन ४ फूट निघते. विचलन खुद्द सरासरीहून मोठे! एवढा एक आकडा त्या बिचाऱ्याने मागितला असता, तर तो काठावरूनच परतला असता.

लातूरकरांना हे गणित निराळे समजावून सांगावे लागत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आलेल्या पहिल्या पाणीगाडीने दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी तेथे उतरविले. आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्याअखेर त्याच मुलखात अतिवृष्टी होऊन मांजरा धरण भरले. वार्षिक पर्जन्यमानाच्या रकान्यात या दोन्ही ऋतूंची नोंद एकाच संख्येत होते.