सीलबंद पिंपातली घाण

नवं तेल म्हणजे स्वच्छ तेल, हा कारखान्यांतला फार महागात पडणारा समज आहे. नुसत्या डोळ्यांना साधारण 40 मायक्रॉनपेक्षा बारीक कण दिसत नाही. हायड्रॉलिक सर्वो व्हॉल्व्हमधली फट मात्र अवघ्या काही मायक्रॉनची असते. म्हणजे बोटावर घेऊन ‘चकचकीत आहे’ म्हटलेलं तेलही यंत्र झिजवू शकतं. म्हणूनच आयएसओ 4406 हे मानक 4, 6 आणि 14 मायक्रॉनपेक्षा मोठे कण मोजायला सांगतं. त्यात प्रत्येक आकारासाठी एक अंक असतो आणि अंक एकाने वाढला की कण दुप्पट: पहिला, म्हणजे 4 मायक्रॉनचा अंक 18 असेल, तर एका मिलिलिटरमध्ये 1300 ते 2500 कण.

‘यंत्रात फिल्टर आहे की!’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. आहे, पण बहुधा तो पंपाच्या पुढे असतो आणि पंपाआधीची जाळी भरड. टाकीत गेलेली धूळ आधी पंपच खातो. ‘तेल लवकर बदलू’ हा तोडगाही लंगडा, कारण कळकट नरसाळ्यातून ओतलेलं नवं तेल नवी घाण घेऊनच येतं. पावसाळ्यात आवारात उभं ठेवलेलं पिंप तर आणखी वाईट: वरच्या पत्र्यावर पाणी साचतं, थंडाव्याने आतली हवा आकसते आणि बुचाच्या आट्यांतून पाणी आत ओढलं जातं. पिंप छपराखाली आडवं, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असं ठेवणं, टाकीला सिलिका जेलचा ब्रीदर बसवणं, तेल फिल्टर ट्रॉलीतूनच भरणं, याला खर्च येतो खरा. तो नव्या पंपाच्या किमतीशेजारी मांडून पाहावा.