नव्या मोटारीचा रंग

जुन्नर-आंबेगावात टोमॅटोला भाव आला की एखाद्या दारात नवी मोटार येते. हार, नारळ, पेढे होतात. रंग पाहायचा मात्र राहूनच जातो. कारखान्यातला रंग जेमतेम १०० ते १५० मायक्रॉन जाड, म्हणजे वहीच्या एक-दोन कागदांएवढा. वाटेत ओरखडा पडून तो पुन्हा रंगवला, तर तिथे थर जाड होतो, छटाही किंचित निराळी दिसते. शोरूमच्या दिव्यांत हे कळत नाही. गाडी उन्हात घेऊन तिरकस नजरेने न्याहाळावी. दोष आढळल्यास ताबा-पावतीवर सही करण्यापूर्वी तो विक्रेत्याकडून लिहून घ्यावा. एकदा सही झाली की ओरखडा कोणाचा, हा वाद आपल्याच गळ्यात! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये पुण्याच्या जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. पण तिथेही बोलतो तो कागदच.