मूळ पोथी कोणती, हे एन्झाइमला कसं कळतं?

तंजावूरच्या राजवाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालय दुसऱ्या सरफोजीराजांनी (१७७७-१८३२) नावारूपाला आणलं. तिथल्यासारख्या पोथ्या टिकल्या त्या हातानं नकला होत गेल्या म्हणून. जुन्या पोथीच्या शेवटी लेखनिक बरेचदा लिहून ठेवतो: जसं दिसलं तसं उतरवलं, चुकलं तर मला बोल लावू नका. बॅक्टेरियातल्या नकलनवीसाला मात्र असं म्हणून सुटता येत नाही.

आपल्या आतड्यातला ई. कोलाय घ्या. त्याचा डीएनए गोल, सुमारे ४६ लाख अक्षरजोड्यांचा. ए समोर टी, जी समोर सी, एवढाच नियम. हेलिकेज हे एन्झाइम दोन धागे सोडवतं. प्रायमेज सुरुवातीचा छोटा तुकडा घालून देतं, कारण डीएनए पॉलिमरेज ३ हा मुख्य नकलनवीस कोऱ्या जागी लिहायला सुरुवातच करू शकत नाही. एकदा सुरू झाला, की सेकंदाला सुमारे १००० अक्षरं! एकाच जागेवरून दोन दिशांना दोन तुकड्या निघतात, म्हणून काम ४० मिनिटांत उरकतं. (एक धागा तुकड्या-तुकड्यांत लिहावा लागतो, ती गंमत पुन्हा कधीतरी.)

आता चुका. साधारण लाखात एक अक्षर चुकीचं बसतं. ते नीट जुळत नाही, हात अडखळतो, आणि पॉलिमरेजचाच खोडरबर असलेला भाग ते काढून टाकतो. मग चूक कोटीत एकावर येते.

तरीही निसटलीच तर? समजा, जी समोर टी बसला. यातलं चुकीचं कोणतं? दोन्ही अक्षरं तर अस्सलच. पोथी असती तर ताडपत्र जुनं कोणतं, शाई ताजी कुठली, हे पाहिलं असतं. ई. कोलायही अगदी तेच पाहतो! त्याच्या जुन्या धाग्यावर जीएटीसी ही अक्षरं येतात तिथे मिथाइलचे छोटे शिक्के असतात. नव्या धाग्यावर ते थोड्या उशिरा उमटतात. तेवढ्या अवधीत म्युटएस हे प्रथिन विजोड जोडी हेरतं, म्युटएच बिनशिक्क्याचा धागा कापतं, आणि तेवढा भाग नव्यानं लिहिला जातो.

काही बॅक्टेरियांत ही दुरुस्ती बिघडलेली असते. त्यांच्यात चुका शंभरपट किंवा त्याहूनही वाढतात. बहुतेक चुका त्यांनाच भोवतात. पण एखादी चूक नेमकी अशी पडते, की अँटिबायोटिक जिथे चिकटायचं ती जागाच बदलते, आणि रुग्णाला कालपर्यंत लागू पडणारं औषध आज पडत नाही.