टाय रॉड पुलर
मोटारगाडीच्या सुकाणू यंत्रणेतील टाय रॉडचे टोक चाकाच्या भुजेतून सोडविण्याचे हत्यार. टोकाच्या बॉल जॉइंटचा निमुळता दांडा भुजेच्या निमुळत्या छिद्रात घट्ट रुतलेला असल्याने केवळ नट काढून तो सुटत नाही. हातोड्याने ठोकायचे दुबेळक्याचे हत्यार स्वस्त असते; पण त्याने सांध्याचे रबरी टोपण बहुधा फाटते. आष्टा (ता. वाळवा, जि. सांगली) परिसरासारख्या ऊसपट्ट्यातील चिखलाच्या वाटांवर फाटके टोपण म्हणजे सांध्याची झीज, म्हणून सांधा पुन्हा वापरायचा असल्यास दांड्याचे टोक दाबणारा मळसूत्री पुलरच घ्यावा. त्याचा जबडा भुजेवर बसतो की नाही, हे आधी मोजावे. दांडा झटक्याने सुटतो, यास्तव नट थोड्या आट्यांवर ठेवावा. जोडणीनंतर नवी स्प्लिट पिन घालून चाकांचे अलाइनमेंट तपासून घ्यावे लागते.